तारखांच्या अक्षाला दिवस कोणाचा हे ठाऊक हवं

प्रति,
आलेखांच्या लायब्रऱ्या लिहिणारे आणि सांभाळणारे मराठी प्रोग्रॅमर

सप्रेम नमस्कार,

तुमच्यापैकी कोणी मुक्त-स्रोत लायब्ररीला, म्हणजे आलेख काढायला इतरांना वापरता येणाऱ्या तयार कोडला, रात्रीचा वेळ देतं, कोणी कंपनीच्या डॅशबोर्डसाठी आतल्या आत एखादी लायब्ररी वाढवत असतं. दोन्हीकडे एक टप्पा हमखास येतो. आकड्यांचे अक्ष चालू लागलेले असतात, लोक वापरू लागतात, आणि मग कोणीतरी विचारतं, आडव्या अक्षावर तारखा कधी येणार? त्यावर पहिला विचार बहुतेकांना एकच सुचतो. संगणकासाठी तारीख म्हणजे १ जानेवारी १९७० पासूनचे सेकंद, म्हणजे शेवटी आकडाच. अक्ष आहे तसा ठेवू आणि लेबल छापताना तेवढी त्याची तारीख करू. हे पत्र त्या पहिल्या विचाराविरुद्ध आहे.

मी पाऊस, विहिरींची पाणीपातळी आणि धरणसाठा यांचे आलेख काढते. ते गावच्या बैठकीत भिंतीवर लागतात, त्यावर बोट ठेवून लोक बोलतात, पाण्याच्या पाळ्यांवरून वाद घालतात. बोट जिथे टेकतं तिथली तारीख चुकीची असेल तर पुढचं सगळं बोलणं चुकतं. म्हणून हे इतक्या आग्रहाने लिहिते आहे.

२६ जुलै २००५ घ्या. मुंबईत त्या दिवशी काय झालं हे कोणालाही सांगावं लागत नाही. सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस नोंदला गेला; त्याच २४ तासांत कुलाब्याला जेमतेम ७४. पण हवामान खात्याचा पावसाचा दिवस मध्यरात्री बदलत नाही. तो सकाळी साडेआठला बदलतो, आणि साडेआठला मोजलेला आदल्या २४ तासांचा पाऊस त्या सकाळच्या तारखेवर चढतो. त्यामुळे पाणी कोसळलं २६ च्या दुपारी आणि संध्याकाळी, पण दफ्तरात ते ९४४ मिलिमीटर २७ जुलैच्या नावावर आहेत.

ही नोंद आता एखाद्या लायब्ररीला द्या. फाइलमध्ये फक्त २००५-०७-२७ एवढंच असतं. लायब्ररी त्याचा अर्थ लावते २७ जुलै, रात्रीचे बारा. स्तंभ एक दिवस रुंद आणि त्याचा मध्य त्या क्षणावर, म्हणजे तो पसरतो २६ च्या दुपारी बारापासून २७ च्या दुपारी बारापर्यंत. खरा कालखंड सकाळी साडेआठ ते सकाळी साडेआठ. ज्या लायब्रऱ्या स्तंभाची डावी कड त्या क्षणावर ठेवतात, त्यांच्यात तर अख्खा स्तंभ २७ तारखेवर जातो. त्याच आलेखात भरती-ओहोटीची तासागणिक रेघ काढली, किंवा कुठे किती वाजता पाणी भरलं याच्या खुणा केल्या, की पूर आधी आणि पाऊस नंतर असं चित्र तयार होतं. आकडा बरोबर, तारीखही दफ्तराप्रमाणे बरोबर, आणि आलेख साफ खोटा.

इथे दोष डेटाचा नाही. अक्षाला एकच गोष्ट कळते, क्षण. पाऊस, वीजवापर, कारखान्याचं गाळप, दवाखान्यातले रुग्ण या सगळ्या गोष्टी क्षणाच्या नसतात, कालखंडाच्या असतात. म्हणून माझी सगळ्यात मोठी मागणी ही: स्तंभाला सुरुवात आणि शेवट अशा दोन वेळा देता आल्या पाहिजेत, आणि दिवस किती वाजता उजाडतो हे अक्षाला सांगता आलं पाहिजे. साडेआठला सुरू होणारा दिवस ही कोणाची लहर नाही. देशभरातली पर्जन्यमापकं त्याच वेळेला वाचली जातात.

आता टाइमझोन. अक्षावरच्या खुणा कुठे पडाव्यात हे युटीसीत, म्हणजे जागतिक प्रमाणवेळेत, ठरवायचं आणि लेबल मात्र भारतीय वेळेत छापायचं, हा घोळ तुम्ही सगळ्यांनी पाहिलेला आहे. दर सहा तासांनी खूण पडते आणि अक्षावर येतं ५:३०, ११:३०, १७:३०, २३:३०. मध्यरात्रीची रेघ कुठेच नाही. आदल्या दिवसाचा पाऊस कुठे संपला आणि नवा दिवस कुठे सुरू झाला हे बघणाऱ्याने अंदाजाने ठरवायचं. युरोप-अमेरिकेत बहुतेक ठिकाणी फरक पूर्ण तासांचा असतो, म्हणून तिथे लिहिलेल्या कोडमध्ये ही चूक तासाच्या खुणांवर दिसतच नाही. दिवसाच्या खुणांवर दिसते, तीही नीट पाहिलं तर. आपल्याकडे ती पहिल्याच आलेखात समोर उभी राहते. अडीच, साडेतीन, साडेपाच असे अर्धवट फरक न्यूफाउंडलंडपासून इराण, अफगाणिस्तान, म्यानमारपर्यंत आहेत, नेपाळचा तर पावणेसहा तासांचा. पण जगातला सर्वात जास्त लोकसंख्येचा देश साडेपाचवर चालतो आणि त्यातले कितीतरी लोक याच लायब्रऱ्यांचं कोड लिहितात. ही चूक पकडायला आपल्याइतकं योग्य कोणी नाही, आणि ‘आपल्याकडे असंच दिसतं’ म्हणून ती सोडून देणारेही आपणच असतो. याचं मला फार वाईट वाटतं.

गंमत अशी की हवामानाच्या माणसाला कधीकधी ५:३० आणि ८:३० याच खुणा हव्या असतात. जगभर निरीक्षणं युटीसीच्या ०, ३, ६ अशा तासांना घेतली जातात. भारतात ते होतात साडेपाच, साडेआठ, साडेअकरा. साडेआठचा पाऊसही तिथूनच आला आहे, तो युटीसीचा तीनचा ठोका आहे. म्हणजे खुणा नेहमी पूर्ण तासावरच हव्यात असाही नियम करू नका. मुळात खुणा स्थानिक घड्याळाने पडाव्यात, आणि ज्याला सरकवायच्या असतील त्याला अंतर आणि सुरुवात दोन्ही देता यावीत.

आणि स्थानिक म्हणजे कुठलं स्थानिक, हा प्रश्न ब्राउझरमधल्या आलेखांत फार जिकिरीचा होतो. पुण्याच्या पर्जन्यमापकाचा आलेख पुण्यात उघडला तर पावसाचा दिवस साडेआठला बदलतो. तोच दुवा न्यू जर्सीतल्या नातेवाइकाने जुलैत उघडला तर तो आदल्या रात्री अकराला बदललेला दिसतो, कारण लायब्ररी बघणाऱ्याच्या लॅपटॉपचं घड्याळ वापरते. शेअरबाजाराचा भाव असेल, मीटिंगची वेळ असेल, तर बघणाऱ्याचं घड्याळ ठीक असेल. पाऊस मात्र जिथे पडला तिथल्याच वेळेत दाखवायला हवा. डी-थ्री या लायब्ररीने स्थानिक वेळेचं आणि युटीसीचं अशी दोन वेगळी मापं ठेवली, ही सुरुवात चांगली होती. पण स्थानिक म्हणजे त्यात बघणाऱ्याचं स्थानिक, आणि माझ्यासारखीला तिसरं काहीतरी हवं असतं: डेटाचं ठिकाण. ते अक्षाच्या गुणधर्मांत लिहिता आलं पाहिजे आणि अक्षाच्या टोकाशी बारीक अक्षरांत छापलंही गेलं पाहिजे. भारतीय प्रमाणवेळेसाठी ‘भाप्रवे’ असो की ‘आयएसटी’, वाचणाऱ्याला दिसू द्या.

जावास्क्रिप्टवाल्यांना आणखी एक सांगायलाच हवं. नुसती २००५-०७-२७ अशी तारीख दिली तर ती युटीसीची मध्यरात्र धरली जाते. तिच्यापुढे वेळ जोडली आणि झोन लिहिला नाही तर स्थानिक मध्यरात्र. एकाच फाइलमधल्या दोन स्तंभांत एकात नुसती तारीख आणि दुसऱ्यात तारीख-वेळ असेल तर भारतात त्या दोन रेघा एकमेकींपासून साडेपाच तासांनी सरकतात. उलट बाजूने, भारतातली मध्यरात्र युटीसीत लिहिली की आदल्या दिवसाचे १८:३० होतात. हे १८:३० आपल्याकडच्या डेटाबेसांत इतकं ठिकठिकाणी सापडतं की आता कोणाला त्यात वावगं वाटत नाही. आलेखाने अशा वेळी गप्प बसू नये. झोन नसलेली आणि झोन असलेली वेळ एकाच अक्षावर आली तर चूक दाखवून थांबा. लोक कुरकुर करतील, करू दे.

खुणांमधलं अंतर हा स्वतंत्र विषय आहे. साध्या आकड्यांना १, २, ५, १० ही चढण पुरते. वेळेला पुरत नाही. तिला १, ५, १५, ३० सेकंद, मग तीच मिनिटं, मग १, ३, ६, १२ तास, मग दिवस, आठवडा, महिना, तिमाही, वर्ष अशी चढण लागते. महिन्यासाठी ‘३० दिवस’ वापरणारं कोड मी प्रत्यक्ष पाहिलं आहे. १ जानेवारीपासून ३०-३० दिवस मोजत जा: पुढची खूण ३१ जानेवारी, त्यापुढची २ मार्च. साध्या वर्षात फेब्रुवारीवर खूणच पडत नाही आणि जानेवारीवर दोन पडतात. महिन्याची खूण पंचांगाप्रमाणे नाही म्हणत मी, पण निदान भिंतीवरच्या कॅलेंडरप्रमाणे तरी पडावी: एक तारखेला, मग महिना २८ दिवसांचा असो की ३१. दिवसाच्या खुणाही ८६,४०० सेकंद मिळवत काढू नका. ज्या देशांत घड्याळ पुढे-मागे करतात तिथे वर्षातला एक दिवस २३ तासांचा आणि एक २५ तासांचा असतो. सेकंद मोजत गेलात तर त्यानंतरच्या सगळ्या खुणा मध्यरात्रीवरून घसरतात.

‘भारतात डेलाइट सेव्हिंग नाही, आपल्याला काय करायचंय’ असं कोणी म्हणेल. आज नाही. पण दुसऱ्या महायुद्धात भारताची घड्याळं साडेसहा तासांवर नेली होती. सप्टेंबर १९४२ ते ऑक्टोबर १९४५ हा सलग काळ तसा गेला, आणि टाइमझोनच्या जागतिक डेटाबेसात एशिया/कोलकाता या नावाखाली तो नोंदलेला आहे. जुन्या नोंदवह्या संगणकावर आणण्याचं काम करणाऱ्यांना तो काळ भेटतोच. साडेपाच हा आकडा कोडमध्ये हाताने लिहू नका, डेटाबेसाला विचारा.

यापेक्षाही जास्त नुकसान करणारी एक सवय आहे. तारखांचा अक्ष जमत नाही म्हणून तारखा म्हणजे नुसती नावं समजायची आणि समान अंतरावर मांडायची. आंबा, पेरू, चिकू असे प्रकार जसे ओळीने मांडावेत तशा तारखा. धरणाच्या साठ्याच्या नोंदी पावसाळ्यात रोज मिळतात, उन्हाळ्यात काही ठिकाणी आठवड्याने. कोयनेसारखं १०५.२५ टीएमसीचं धरण भरतानाच्या रोजच्या नोंदी आणि रिकामं होतानाच्या साप्ताहिक नोंदी अशा समान अंतरावर मांडल्या, तर धरण सावकाश भरतं आणि झपाट्याने आटतं असं दिसतं. खरं तर पावसाळ्यात ते काही आठवड्यांत भरतं आणि पुढे महिनोन् महिने उतरत जातं. रेघेचा उतार म्हणजे वेग. तो उलटाच दाखवला की मार्चमध्ये पाण्याचं नियोजन करणारा माणूस फसतो. तुमच्या लायब्ररीला तारखेसारखा दिसणारा मजकूर मिळाला तर तिने निदान विचारावं की हे तारखा म्हणून घेऊ का. आणि मधल्या नोंदी नसतील तिथे रेघ तुटू द्यावी. पर्जन्यमापक बंद होतं त्या आठवड्यावरून सरळ रेघ ओढली तर तो आठवडा मोजला होता असं सांगितल्यासारखं होतं.

आतली साठवण. इथे तुम्ही माझ्यापेक्षा जाणकार आहात, म्हणून थोडक्यात. मॅटप्लॉटलिब या पायथनमधल्या आलेखांच्या लायब्ररीने अनेक वर्षं इसवी सनाच्या पहिल्या वर्षापासूनचे दिवस मोजले. आजची तारीख तिथून सात लाखांहून जास्त दिवसांवर आहे, म्हणून ६४ बिटांच्या दशांश आकड्यात सुमारे १० मायक्रोसेकंदांपेक्षा बारीक काही उरत नव्हतं. २०२० मध्ये आलेल्या ३.३ आवृत्तीत त्यांनी सुरुवात १९७० वर आणली आणि अचूकता एका मायक्रोसेकंदाच्या आत गेली. चालत्या लायब्ररीचा पाया बदलायला धैर्य लागतं, त्यांनी ते केलं. ग्नूप्लॉट या आलेख काढणाऱ्या प्रोग्रॅमनेही पाचव्या आवृत्तीत २००० वरून १९७० वर येण्याचा त्रास सोसला. तुम्ही आत्ता सुरुवात करत असाल तर हा त्रास आधीच वाचवा.

आणि ग्राफिक्स कार्डवर आलेख काढणाऱ्यांनी तर जास्तच जपावं. ३२ बिटांच्या दशांश आकड्यात १९७० पासूनचे आजचे सेकंद बसवले तर दोन शेजारच्या आकड्यांत १२८ सेकंदांचं अंतर पडतं. मिनिटागणिक मोजलेले दोन-दोन, कधी तीन बिंदू एकाच जागी बसतात, आणि गुळगुळीत चढणारी नदी पायऱ्या-पायऱ्यांनी चढताना दिसते. अशी पायऱ्यांची रेघ पाहिली की लोक सेन्सरला दोष देतात. सेन्सर बदलूनही येतो. आधी ६४ बिटांत आलेखाच्या डाव्या कडेची वेळ वजा करा आणि उरलेला छोटा आकडा कार्डाकडे पाठवा, एवढ्याने हे मिटतं.

दुसऱ्या टोकाला नॅनोसेकंदांची हौस. ६४ बिटांच्या पूर्णांकात नॅनोसेकंद मोजले तर १६७७ ते २२६२ एवढाच काळ मावतो. पांडास या पायथनमधल्या डेटा हाताळणाऱ्या लायब्ररीत वर्षानुवर्षं हेच एक माप होतं, २०२३ मधल्या २.० आवृत्तीपर्यंत. म्हणजे ६ जून १६७४, शिवराज्याभिषेकाची तारीख, त्या अक्षावर मांडताच येत नव्हती. शिवकाळावर काम करणाऱ्यांची आणखी एक अडचण आहे: ही ६ जून ज्युलियन कॅलेंडरची आहे, ग्रेगरीप्रमाणे ती १६ जून येते. लायब्ररीने हे आपोआप बदलावं असं मी मुळीच म्हणत नाही. ग्रेगरीच धरतो आहोत एवढं स्पष्ट लिहा, बाकी अभ्यासक बघून घेतील.

वर्ष कुठून सुरू होतं हेही सांगता यावं. आपल्याकडे पाण्याचं वर्ष १ जून ते ३१ मे, हिशेबाचं १ एप्रिलपासून. वेगवेगळ्या वर्षांचे पावसाळे एकावर एक ठेवून बघायचे असतील तर १ जानेवारीपासून दिवस मोजणाऱ्या अक्षावर लीप वर्षाची रेघ मार्चपासून एक दिवस पुढे सरकते. १ जूनपासून मोजलं तर २९ फेब्रुवारी वर्षाच्या शेवटाकडे जातो आणि जून ते सप्टेंबर सगळ्या वर्षांत तंतोतंत जुळतात. हे मला आज प्रत्येक आलेखात हाताने करावं लागतं.

लेबलांबद्दल दोन गोष्टी. अक्ष तासांपर्यंत मोठा केला की लेबलांतून तारीख नाहीशी होते आणि उरतात नुसते ६:००, १२:००, १८:००. कुठल्या दिवसाचे? मॅटप्लॉटलिबच्या आटोपशीर लेबलांमध्ये बदललेला भाग खुणांवर आणि उरलेला कोपऱ्यात एकदाच छापतात. ती पद्धत चांगली आहे, उचला. दुसरं, महिन्याचं नाव पहिली तीन अक्षरं कापून लहान करू नका. इंग्रजीत चालतं. मराठीत तीन युनिकोड चिन्हं कापली तर जानेवारीचं ‘जान’ होतं, मार्चचं ‘मार’ आणि सप्टेंबरचं ‘सप्’, पाय मोडका. युनिकोडच्या सीएलडीआर या भाषावार तारखा-अंकांच्या संग्रहात मराठीची जाने, फेब्रु, सप्टें, नोव्हें अशी लघुरूपं तयार आहेत, देवनागरी अंकही आहेत. लेबल एकमेकांवर येतात का हे बघताना चिन्हं मोजू नका, छापल्यावरची रुंदी मोजा. जोडाक्षरांत या दोन्हींचा काही संबंध उरत नाही.

हे सगळं एकाच आवृत्तीत होणार नाही हे मला समजतं. तुमच्यातले बरेच जण पगाराशिवाय हे करतात. म्हणून क्रम सांगते. आधी झोनचं नाव अक्षाला देता येऊ दे आणि खुणा त्या झोनच्या कॅलेंडरने पडू देत. मग स्तंभाला सुरुवात आणि शेवट. बाकीचं सवडीने. आणि पहिल्याच दिवसापासून तुमच्या टेस्टमध्ये कोलकाता आणि काठमांडू असू देत, युरोपातले घड्याळ बदलण्याचे दोन्ही रविवार असू देत, आणि सामोआमधला २०११ चा डिसेंबरही, कारण त्या देशाने ३० तारीख पूर्ण वगळली आणि २९ नंतर थेट ३१ उजाडली. युटीसीवर चालणाऱ्या सर्व्हरवर सगळ्या टेस्ट हिरव्या दिसतात, म्हणून झोन टेस्टमध्येच लिहा, सर्व्हरच्या भरवशावर सोडू नका.

साडेआठच्या पावसाच्या नोंदी, तासागणिक नोंदी आणि मधे तुटलेले आठवडे असलेली एक साफ केलेली फाइल मी तयार ठेवली आहे. ज्यांना अक्ष तपासायला खरा डेटा हवा असेल त्यांनी मागावी, सोबत प्रत्येक ओळीचा कालखंड नेमका कुठून कुठे हेही लिहून देईन. तुमचा पहिला कच्चा अक्ष आला की तो वापरून बघायला आणि चुका नीट लिहून कळवायलाही मी आहे.

कळावे, लोभ असावा.

आपली,
पाऊस-पाण्याचे आलेख काढणारी एक वापरकर्ती